पित्ताशयाला टाळ्या

"टाळ्यांपुढे कुठलाही शब्द टिकत नाही!" निघता निघता वेंडेल कोपेकीनं बायकोला ठणकावून सांगितलं.

बर्नाडेटनं सूपमधून डोकंही वर काढलं नाही. "ते तुझ्या डीनबाईंना सांग. वर्ग बंद पडला तर दिवसभर घरात तू, आणि वर मुक्कामाला येणारी माझी बहीण. दोघांना सांभाळायचं मला नाही जमणार!"

टोलेडोच्या कॉलेजात इस्पितळाच्या होऊ घातलेल्या कारकुनांना रोज वैद्यकीय शब्द शिकवून वेंडेल पार पिचून गेला होता. पण मेहुणीपेक्षा वर्ग बरा! तो चालू ठेवायचा की त्याच्या जागी कॉम्प्युटर बसवायचा, हे आज डीनबाई ठरवणार होत्या.

त्याची पद्धत साधी. उच्चाराच्या प्रत्येक तुकड्याला टाळी, जोर येईल तिथे पाय आपटायचा.

"कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. चला!"

"को! ले! सिस! टेक! टो! मी!"

वर्ग दणाणला आणि नेमक्या तेव्हाच डीन हॉलोवेबाई आत आल्या. पित्ताशय काढून त्या आजच कामावर परतल्या होत्या, हे बिचाऱ्या वेंडेलला कुठे ठाऊक!

बाईंचे डोळे भरून आले. "माझं ऑपरेशन... तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवलंत?"

वेंडेलनं तोंड उघडलं, मेहुणी आठवली, मिटलं. "स्वागत आहे, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

झालं! बाईंनी खुर्ची ओढली आणि पहिल्या कळेपासून सुरुवात केली. मग पर्समधून बाटली निघाली. "हा बघा खडा!" बाटली बाकाबाकावरून फिरली. एकानं हातातलं सँडविच मुकाट्यानं दप्तरात ठेवलं. वेंडेल भिंतीला टेकून उभा राहिला. न शिकवताही माणूस इतका थकतो, हे त्याला नवीनच होतं.

शेवटी पहिल्या बाकावरच्या ट्रीनाला राहवेना. "मॅडम, आम्ही सगळ्याच ऑपरेशनांना टाळ्या वाजवतो. येत्या मंगळवारी मूळव्याधीची पाळी आहे!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. वेंडेलनं मनातल्या मनात मेहुणीसाठी खोली झाडून ठेवली. बाईंनी दंडाला धरून त्याला बाहेर नेलं आणि दार घट्ट लावलं.

"वर्ग चालू राहील," त्या कुजबुजल्या. "चांगली दोन वर्षं. कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. पण खरं सांगा, मंगळवारी माझं तेही ऑपरेशन आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"