लिमये सरांचा चंद्र

गेल्या थंडीत लिमये सरांनी माझ्या बायकोच्या हातातली कोथिंबीर काढून घेतली आणि मुळांसकट परत वाफ्यात खोचली.

शुभाचा गुन्हा एवढाच, की पोह्यांवर घालायला म्हणून तिने चार काड्या उपटल्या होत्या. त्याही सरांना विचारून. सर तेव्हा आंघोळीला निघाले होते. "घ्या, घ्या वहिनी," म्हणाले आणि आत गेले. न्हाणीघरात त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण खांद्यावर पंचा टाकून ते तसेच धावत बाहेर आले.

"वहिनी, थांबा! आज मुळाचा दिवस. आज पान घ्यायचं नाही."

"अहो सर, पण उपटून झालीय."

"हरकत नाही. विसरेल ती." असं म्हणून त्यांनी बोटाने भोकं पाडली, एकेक काडी लावली आणि वर तांब्याभर पाणी घातलं. "पानाचा दिवस सोमवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी लागतोय. तेव्हा या."

तो गुरुवार होता. सोमवारी तीन वीसला शुभा अर्थातच गेली नाही. मी गेलो, निव्वळ खोडसाळपणाने. सरांनी वाफ्यातून चार पिवळ्या काड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "आता वास घ्या, शेट्ये. चंद्र काही उगाच फिरत नाही."

मी वास घेतला. गवताचा होता.

"चंद्र काही उगाच फिरत नाही" हे सरांचं पालुपद रत्नागिरीजवळच्या कुवारबावच्या आमच्या गल्लीत आता लहान मुलंसुद्धा म्हणतात. आमच्या दोघांच्या परड्यांमध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे, आणि त्या गडग्यावरून गेली एकोणीस वर्षं मी या माणसाला बघतो आहे. त्यातली पहिली चौदा वर्षं ते शहाणे होते हे मी शपथेवर सांगू शकतो.

सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. बत्तीस वर्षं शिकवला. त्या काळात त्यांची ख्याती म्हणजे पक्का नास्तिक. ग्रहण लागलं की सगळी रत्नागिरी दारं लावून बसायची, आणि सर अख्खा वर्ग मैदानात उभा करून मुलांना शेंगदाण्याचे लाडू खायला घालायचे. मी वास्तुशांत केली तेव्हा हे गृहस्थ जेवायला आले, दोनदा श्रीखंड घेतलं आणि हात धुताना म्हणाले, "शेट्ये, नऊ ग्रह बोलावलेत खरे, पण बसवणार कुठे? खुर्च्या तर सहाच दिसताहेत." आमचे भटजी आजही त्यांच्याकडे बघून मान फिरवतात.

तर अशा माणसाला उतारवयात ग्रह लागले. आपल्याकडचे नव्हेत हो. आपल्या पंचांगातल्या चंद्रावर त्यांचा आजही काडीचा विश्वास नाही. ते मानतात तो चंद्र जर्मनीहून पोस्टाने येतो.

त्याचं असं झालं. सरांचा एकुलता मुलगा निखिल जर्मनीला गेला तो दोन वर्षांसाठी. दोनाची दहा झाली. मग त्याने तिकडे घर घेतलं आणि इकडचं सगळं विकून टाकून बाबांनी तिकडे यावं असं सुचवलं. सरांनी फोन ठेवला तो ठेवलाच. सरांच्या पत्नी होत्या तोवर त्या मधल्यामध्ये निरोप पोचवायच्या. त्या गेल्या आणि निरोपही बंद झाले. वाढदिवसाला "ठीक आहे ना?" "ठीक आहे," एवढं झालं की फोन संपायचा. असं तीन वर्षं चाललं. मग एका डिसेंबरात पाकीट आलं. आत एक लांबडं कॅलेंडर आणि चिठ्ठी: 'बाबा, मी इथे भाजीपाल्यासाठी जमिनीचा छोटा तुकडा घेतलाय. चंद्र आणि ग्रह बघून काम करायची इथे एक पद्धत आहे, मी त्याने करतो. बघा, जमलं तर.'

सरांनी ते कॅलेंडर पडवीत खिळ्याला अडकवलं. बाप-लेक पुन्हा बोलायला लागले ही चांगलीच गोष्ट झाली, गल्लीत सगळ्यांना बरं वाटलं. पण त्यापायी आमचे जे हाल झाले त्याची दाद कुठे मागायची?

कॅलेंडरची भाषा जर्मन, पण प्रत्येक दिवसासमोर चित्र असतं. गाजर म्हणजे मुळाचा दिवस, मग फुलाचा, पानाचा, फळाचा. मुळाच्या दिवशी कंद लावायचे, पानाच्या दिवशी माठ-अळू, फळाच्या दिवशी काकडी-पडवळ. आणि काही दिवसांवर नुसती काट. त्या दिवशी चंद्र म्हणे सूर्याची वाट ओलांडत असतो, मातीला हात लावायचा नाही. एका अशाच काटेच्या दिवशी सरांच्या नारळाच्या आळ्यात पाण्याचा पाईप फुटला. सर खुर्ची टाकून बघत बसले. संध्याकाळी पाच चाळीसला चंद्र पलीकडे गेला तेव्हा उठले. तोपर्यंत आमच्या परड्यात भात लावता आला असता.

त्यांच्याकडे कामाला येणारा पांडू सुरुवातीला बिचारा हबकला. एकदा गडग्यावरून मला म्हणाला, "आमी पाऊस बगून लावतो, हे चांद बगून. उगवला नाय तर शिव्या कोनाला घालायच्या?" प्रश्न रास्त होता.

पण खरी कमाल शिंगांची. या पद्धतीत म्हणे गाईच्या शिंगात शेण भरून ते सहा महिने जमिनीत पुरायचं आणि मग त्याचं खत करायचं. सरांना लांज्याजवळच्या कोणा शेतकऱ्याकडे म्हातारपणाने मेलेल्या गाईंची शिंगं असल्याचा सुगावा लागला. तिथून कापडी पिशवीत सहा शिंगं घालून सर एसटीने परत निघाले. टोकं पिशवीतून बाहेर. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, काय हाय पिशवीत?" "शिंगं," सर म्हणाले. कंडक्टरने वाकून सीटखाली बघितलं आणि विचारलं, "आनि गाय?"

ती शिंगं सरांनी आमच्या गडग्यालगत पुरली. पुढल्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. कथेच्या चौथ्या अध्यायात गल्लीतला कुत्रा शेणाने भरलेलं एक शिंग तोंडात धरून ऐटीत आला आणि ते चौरंगासमोर ठेवून शेपटी हलवत बसला. भटजींनी कथा थांबवली. कोणीतरी 'करणी' म्हणालं. शुभा माझ्याकडे अशी बघत होती की जणू कुत्र्याला मीच धाडलं. एवढ्यात गडग्यावरून सरांचं डोकं वर आलं. "शेट्ये, ते तसंच ठेवा हं, सांडू नका. अजून पाच महिने व्हायचेत त्याला!"

पुढे ते खत पाण्यात ढवळायचं. पूर्ण एक तास. आधी एका अंगाने, पाण्यात भोवरा पडेपर्यंत, मग उलट. सरांचा खांदा दुखत होता म्हणून त्या वर्षी माणुसकीच्या नात्याने मी काठी हातात घेतली. बाजूला सर घड्याळ लावून उभे. "भोवरा मोडला, शेट्ये. पुन्हा." चाळीस मिनिटांनी मी त्या पिंपात काय काय बुडवायची इच्छा धरली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला एकदा उघडा पाडायचाच. मी भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली. दुसऱ्याच्या कागदातली चूक शोधणं हा माझा व्यवसायच होता. मी डायरी लिहायला घेतली. सरांनी काय लावलं, कधी लावलं, काय उगवलं. आधी वाटलं होतं, उगवलं नाही तेच पुरे होईल. पण लबाड सगळं उगवत होतं. कोकणातल्या तांबड्या मातीत पावसात काहीही उगवतं, त्याला चंद्राची शिफारस लागत नाही.

मग वर्षभराने पानं चाळताना मला दुसरंच दिसलं. बारीकसारीक कामं सर चित्र बघून करायचे, ती बरोबर होती. पण मोठी कामं, म्हणजे शिंगं पुरणं, हळद, कोनफळ, आंब्याची छाटणी, ही सगळी शनिवारी झाली होती. झाडून सगळी. तीही भर दुपारी. थंडीत अडीचला आणि उन्हाळ्यात दीडला, जेव्हा रत्नागिरीतला कुठलाही सज्जन मनुष्य जेवून आडवा झालेला असतो. ऋतूप्रमाणे एक तास मागेपुढे सरकणारा आणि शनिवारची दुपार गाठणारा हा कुठला चंद्र?

या मे महिन्यात सरांनी शुक्रवारी जाहीर केलं, "उद्या दीडला सुरण लावणार. मुळाचा दिवस." मी साखर मागायच्या निमित्ताने त्यांच्या पडवीत गेलो आणि कॅलेंडर बघितलं. शनिवारसमोर हिरवंगार पान छापलं होतं. मला इतका आनंद झाला की साखर तिथेच विसरून आलो.

शनिवारी दीडला मी डायरी काखेत मारून निघालो. "उन्हात कुठे?" शुभाने विचारलं. "न्याय करायला," मी म्हणालो. तिने कूस बदलली.

सर विहिरीच्या मागे होते. डोक्यावर जुनी टोपी, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. समोर सुरणाचे गड्डे मांडलेले. मी लांबूनच सुरुवात केली, कारण इतक्या दिवसांचं साठलं होतं.

"सर! पडवीतल्या कॅलेंडरवर आज पान आहे, पान! मुळाचा दिवस कुठनं काढलात?"

सर दचकले. त्यांनी झटकन पुढे होऊन बादलीला टेकवून ठेवलेला मोबाइल उचलला आणि तसाच मातीच्या हाताने छातीशी दाबून धरला. तो तिथे आहे हे मला दिसलंच नव्हतं.

"हळू, शेट्ये," ते कुजबुजले. "तो आहे फोनवर."

"कोण?"

"निखिल. शनिवारी सकाळी दहाला तो त्याच्या तुकड्यावर येतो. बाकी दिवस नोकरी, रविवारी बायको-मुलं. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून आपल्याकडे आत्ता दीड."

"पण पान..."

"बघितलंय मी ते पान. डोळे आहेत मला." सरांचा आवाज मास्तरचा झाला आणि लगेच पुन्हा खाली आला. "मोठ्या कामांचे दिवस तो सांगतो. म्हणतो, बाबा, चित्रं वरवरची असतात, खरं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी वाचून सांगतो. त्याला वाटतं, मला जर्मन येत नाही. नाहीच येत. पण चंद्र येतो ना मला. बत्तीस वर्षं शिकवलाय. सत्तावीस दिवसांत फेरी मारणारा चंद्र दर शनिवारी दहाला कसा हजर राहील?"

"मग सांगत का नाही त्याला?"

"सांगितलं तर तो म्हणेल, बरं बाबा, मग मंगळवारी तुमचं तुम्ही लावा. मंगळवारी तो ऑफिसात." सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दुसरं काही बोललो की आमचं भांडण होतं, शेट्ये. आई शेवटी काय म्हणाली, तू कधी येणार, घराचं काय करायचं, कुठलाही विषय काढा. सुरणावर आमचं भांडण होत नाही. एवढंच उरलंय."

छातीशी धरलेल्या फोनमधून दबका आवाज आला. "बाबा? अंधार झाला इकडे. कोण आलंय? कोणीतरी पान म्हणालं का?"

सरांनी मान वर केली. चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारा हा माणूस माझ्याकडे गयावया करून बघत होता. मला माझीच लाज वाटली. एक वर्ष मी नोंदी ठेवल्या आणि समोर काय चाललंय ते मला कळलं नाही.

मी पुढे झालो आणि त्यांच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर निखिल होता. केस बरेच पांढरे झालेले, अंगात जाड स्वेटर, मातीत गुडघे टेकून बसलेला. त्याच्यापुढे बटाट्याची रोपं होती.

"मी रे, शेट्येकाका. म्हटलं, सुरणावर आंब्याची पानं पसरायची का? ऊन मरणाचं आहे."

"आँ? हो हो, पसरा की." तो मोकळा हसला. "काका, तुम्हीपण करता की काय हे सगळं?"

"मग! आज मुळाचा दिवस ना," मी म्हणालो.

सर परत खाली बसले आणि त्यांनी पहिला गड्डा खड्ड्यात ठेवला. तिकडे निखिल बटाट्यांना माती लावायला लागला. मधेच सर म्हणायचे, "फार खोल नको." तो म्हणायचा, "नाही, बेताचंच." बराच वेळ एवढंच. फोन बादलीला टेकवला तर बापाचे नुसते गुडघे दिसत होते, म्हणून मी तो हातात धरून उभा राहिलो.

शेवटचा गड्डा झाकल्यावर सरांनी विचारलं, "आता पुढचा कधी?"

"थांबा हं, बघून सांगतो." निखिलने पडद्याबाहेर हात घातला. कागद चाळल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं पान. बापाच्या समाधानासाठी तो सावकाश चाळत होता. "शनिवारीच येतोय, बाबा."

"नीट बघितलंस ना?"

"बारीक अक्षरात आहे. शनिवार, दहा वाजता."

"बरं," सर म्हणाले. "मग शनिवारी."

कोणीच फोन बंद करेना. निखिल पुन्हा खाली वाकून आधीच लावलेली माती थोपटायला लागला. सरांनीही भरलेला खड्डा पुन्हा सारखा करायला घेतला. माझा हात भरून आला होता, पण मी फोन हलू दिला नाही.