कात्री नसलेलं केशर

आईच्या वाढदिवसाचा केक नवरोबांनी स्वतः भाजायला घेतला, इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला केशराचा. आईची डबी कपाटात कुलूपबंद, आणि मागावी तर गुपित फुटणार. तेवढ्यात फ्रीजमध्ये बायकोची इवलीशी नळी दिसली. प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला म्हणून तिनं घरी आणून ठेवलेलं केशर! गडी खूश. सगळ्या काड्या केकच्या पिठात.

आईनं एका घासातच नाक मुरडलं. "हे कसलं रे केशर? फिकट पिवळं! माझं बघ, पाण्यात पडलं की लालभडक!"

केक तसाच राहिला. आणि मग नवरोबांना आठवलं, त्या नमुन्यावर बायकोची नोकरी कायम व्हायची होती. आईची डुलकी लागताच त्यांनी किल्ली लांबवली आणि डबीतल्या चिमूटभर काड्या नळीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी बायको प्रयोगशाळेतून नळी घेऊन नाचतच घरी आली.

"अरे, केशरात आधी पिवळा रंग असतो. एक जनुक त्याच्यावर कात्री चालवतं, त्या तुकड्यांतून लाल तयार होतो. माझ्या नमुन्यात कात्रीच नाही, तरी लाल! साहेब उद्या सभेत जाहीर करणार!"

नवरोबांचं कुतूहल गप्प बसेना. "मग लाल आलं कुठून?"

"तेच तर कळत नाहीये!"

आता राहवेना. त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

बायकोनं लगेच नळीत उरलेली काडी वाटीभर पाण्यात टाकली. दोघं वाकून बघत राहिली. पाणी झटक्यात लाल, काडी पांढरीफटक.

"अस्सल केशर सावकाश पिवळा रंग सोडतं, स्वतः लालच राहतं," ती पुटपुटली. "ही मक्याच्या कणसाची शेंडी आहे. रंगवलेली."

तिनं साहेबांना स्पीकरवर फोन लावला. साहेब आधी कडाडले, मग म्हणाले, "केकमधलं आण. भाजलं असलं तरी जनुकाचे तुकडे सापडतील. पण उद्या सकाळी नमुना नसेल, तर नोकरी विसर."

दारात आई उभी होती. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं होतं. तडक कपाट उघडून तिनं अख्खी डबी सुनेच्या हातात ठेवली. "घे सगळं. कुणाला हात लावू दिला नव्हता मी. पण तुझ्या नोकरीपुढे काय गं!"

सुनेचे डोळे भरून आले. "आई, ते तुमचंच राहू दे. मला तेवढा केक द्या."

चिमटा घेऊन केकमधल्या काड्या वेचत बसलेल्या सुनेकडे आई बघतच राहिली. मग डबी पुन्हा कुलपात ठेवता ठेवता लेकाला हळूच म्हणाली, "हुशार आहे रे पोर. पण केशरातलं तिला काही कळत नाही."