नसीमआपांची पुण्यातली लेकरं

शिरड शहापुरात लग्नाची पंगत बसली, की आमच्या शेजारच्या, नोकरीनं पुण्यात राहणाऱ्या नसीमआपा ताट पुढ्यात ठेवून पुण्याला फोन लावतात. "लेकरांना खाऊ घातलं का? पाणी पिवळं तर न्हाई पडलं?" आपांचं लग्न झालेलं नाही. त्यांना बघायला आलेलं एक चांगलं स्थळ हा फोन ऐकून जेवण अर्धं टाकून निघून गेलं.

लेकरं म्हणजे प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या मूळपेशी. त्यांचं खाणं संपत आलं, की बशीतलं गुलाबी पाणी पिवळं पडतं. आपा त्यांच्यापासून थायमस घडवतात. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी आईच्या पोटातल्या बाळात कशी तयार होते, ते आत डोकावून बघता येत नाही. म्हणून ती बशीत घडवून बघायची. भाजीवालीलाही त्या समजावतात, "शाळा हाय ही, मावशी. रक्तातले शिपाई इथं शिकतात, आपलं कोन अन् परकं कोन."

"अन् नापास झाले तर?"

"मरतात."

"लई कडक शाळा," मावशी म्हणाली.

कधी पेशी हट्टाला पेटतात, थायमस सोडून भलतंच काही होतात. आपा चिडत नाहीत. "बराबर हाय त्यांचं. मलाच नीट सांगता आलं न्हाई," म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून लागतात.

मागच्या ईदला आपा गावी आल्या होत्या. कनेरगाव नाक्याची गंगा, मेंढ्या राखणारी, तान्हं पोरगं घेऊन आली. पोरगं सारखं आजारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्याला थायमसच नाही.

"आपा, तुमी ते बनवून राहिल्या म्हनं. ह्याला एक देता का?"

आपांनी पोरगं मांडीवर घेतलं. "न्हाई, गंगा. अजून ते बशीतच हाय. माणसाला लावण्याजोगं झालं न्हाई."

पण त्याच दिवशी त्यांनी मायलेकरांना गाडीत घालून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गंगेला आपल्याच घरी ठेवून घेतलं. पोरगं जगलं नाही.

गंगेला परत सोडायला आपा आल्या, तेव्हा मी सोबत होतो. आपा दारातच थांबल्या. "माझं काम वेळेवर झालं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

"काहून उभ्या, आपा? आत या." गंगेनं वाकळ अंथरली. "पुण्याला पाह्यलं मी. तुमी झोपतच न्हाई. झोपा म्हनून सांगनारं घरी कोनी न्हाई तुमाला. पडा जरा."

आपा मुकाट्यानं आडव्या झाल्या आणि भर दुपारी गाढ झोपल्या. गंगा उंबऱ्यात बसून ओरडणारी कोकरं दारापासून हाकलत राहिली.