सोनगीरचा सपत्नीक सत्कार

संशय घेणं माझ्या स्वभावातच नाही! नवऱ्याचा मोबाईल मी हातात घेते तो फक्त चार्जिंगला लावायला. लावता लावता तो उघडतो, त्याला मी काय करणार?

माझा नवरा हेमराज ढोलकी वाजवतो. दिवाळी सरली की खानदेशात दिसेल त्या मोकळ्या मैदानावर संगीत महोत्सव भरतो, आणि तिथे हेमराज असतोच. मी जळगावात, दहा महिन्यांच्या चिकूला थोपटत, कार्यक्रम मोबाईलवर लाईव्ह बघते.

भडगावचा महोत्सव असाच बघत होते. निवेदक झुलालभाऊ गरजले, "आता ढोलकीसम्राट हेमराजभाऊंचा सपत्नीक सत्कार!"

सपत्नीक? पत्नी तर इथे गादीवर, गाऊनमध्ये बसलेली! आणि तिकडे हेमराजशेजारी येऊन उभी राहिली गायिका भूमिका! तिने कुंकू लावून घेतलं, पोपटी साडी घेतली, पाहुण्यांच्या पाया पडली. तेही जोडीने! खाली कॉमेंटचा पाऊस: 'जोडी एक नंबर शे!' मी त्यावर रागाचं लाल तोंड टाकायला गेले. घाईत बोट घसरलं आणि बदाम गेला!

हेमराज घरी आल्यावर मी अगदी शांतपणे विचारलं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या, एवढ्याच शांतपणे.

"अगं, मंडळवाले शाल आणि साडी जोडीनेच आणतात," तो म्हणाला. "बायको नाही म्हटलं की हिरमुसतात. भूमिका जवळ उभी होती, म्हणून..."

"जवळ म्हैस उभी असती तर?"

"तिला साडी नेसता आली नसती."

त्याच क्षणी मी ठरवलं. पुढचा सत्कार माझा!

"सोनगीरच्या महोत्सवाला मीही येणार. चिकूला किल्ला दाखवायचाय."

"दहा महिन्यांच्या पोराला?"

"इतिहासाची गोडी लहानपणीच लागावी!"

निघाले. अंगावर लग्नातला शालू, खांद्यावर चिकूची बॅग. थर्मास, मच्छरदाणी, कानात घालायला कापूस, कापूस पडला तर दुसरा कापूस. सासूबाईंनी विचारलं, "परत येणार आहेस ना गं?"

किल्ल्याखालच्या मैदानात मी पहिल्या रांगेत बसले. शेजारी गावातल्या बेबाअक्का होत्या. त्यांनी चिकूसाठी शेंगदाणे पुढे केले. "नको अक्का, घशात अडकतील!" म्हणत मी मूठभर स्वतः खाल्ले, पण डोळे स्टेजवरून हलवले नाहीत. भूमिका हेमराजकडे बघून किती वेळा हसते, ते मोजत होते. तालासाठी बघावं लागतं म्हणे! पेटीवाल्याकडे बघून ताल मिळत नाही का?

अखेर सत्काराची धून सुरू झाली. झुलालभाऊ ओरडले, "हेमराजभाऊ, सपत्नीक!"

मी उठले! शालू सावरत, चिकूला कडेवर घेऊन, पायऱ्या चढून थेट स्टेजवर! पण झुलालभाऊंनी भूमिकेला आधीच पुढे ओढलं होतं. "वहिनी, लाजता काय? या!"

"अहो झुलालभाऊ, मी नाही," भूमिका बिचारी म्हणत होती, "वहिनी तर..."

"मी बायको!" मी ओरडले. पण ती सनई! स्पीकर माझ्या डोक्यापेक्षा मोठा. माझं मलाच ऐकू येईना.

आता मैदानाला स्टेजवर दोन बायका दिसल्या. मागून शिट्टी आली. कोणीतरी ओरडलं, "दोन्हीसले द्या!"

मी हेमराजकडे बघितलं. अहो, बोला ना! त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात प्रमुख पाहुणे रुपचंद नानांनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला. तो सरळ नाकापर्यंत उतरला!

आणि मग चिकूने, माझ्या पोटच्या गोळ्याने, ज्याच्यासाठी मी दोन कापूस आणले होते त्याने, भूमिकेच्या हातातला माइक बघितला आणि तिच्या अंगावर झेप घेतली! तिने त्याला झेललं. त्याने माइक तोंडात घातला. सोनगीरभर आवाज घुमला: गप्! गप्! गप्!

"बघा मंडळी!" झुलालभाऊंना गहिवरून आलं. "लेकराने आई ओळखली!"

टाळ्यांचा कडकडाट! बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नानांनी भूमिकेच्या हाती साडी दिली, मग माझ्याकडे वळून मोठ्या मनाने म्हणाले, "ह्या मावशींनाही एक फूल द्या."

मी गुलाबाचं फूल घेऊन खाली आले. मागोमाग भूमिका धावत आली, माझ्या कानाशी वाकली. "वहिनी, सॉरी! ही घ्या साडी," म्हणत तिने चिकू आणि साडी दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुढचं गाणं म्हणायला पळाली. साडी मोरपंखी. मला शोभणारा रंग. आणखी चीड आली!

बेबाअक्का सगळं बघत होत्या. त्या सरकून जवळ आल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "राग नको मानू, पोरी. मी कवयनी, पहिला गाणापासून, देखी ऱ्हायनी. तू त्या ढोलकीवालाकडे नुसती टक लाई बसेल व्हती. तो तुनी बहीणना नवरा शे ना? बिचारीने सत्कारनी साडीबी तुले दी टाकी, इतकी भोळी शे! तिना संसार नको मोडू, माय!"

भोवतालच्या चार बायका माझ्याकडेच बघत होत्या. स्टेजवर फेटा सावरत हेमराज ढोलकी कसत होता.

मी मान खाली घातली आणि म्हणाले, "नाही मोडणार, अक्का."