दळणातला अभिजित

मनवेलपाड्यातल्या माझ्या गिरणीत लोक दळण घेऊन येतात आणि पीठ घेऊन जातात. कुंदाताई दळण घेऊन येतात आणि प्रेम करून जातात.

गैरसमज नको. प्रेम माझ्यावर नाही. माझ्यावर माझी बायको रेखासुद्धा सणासुदीलाच करते.

कुंदाताई कादंबऱ्या लिहितात, प्रेमाच्या. वालीवच्या एका कंपनीत हिशेब बघायच्या, आता रिटायर. लग्न केलं नाही. गव्हाची पिशवी माझ्या हातात देतात, गिरणी सुरू झाली की खांबाला टेकतात आणि त्या खडखडाटात हिरो-हिरोईनचे डायलॉग मोठ्यानं बोलून बघतात. मग घरी जाऊन लिहितात. प्रेमाच्या सीनला गहू. भांडणाच्या सीनला हरभऱ्याची डाळ, कारण डाळ टाकली की गिरणी जास्त बोंबलते. सीन जमला नाही की हात फिरवून सांगतात, "बबन, अजून एकदा फिरव!" त्यांच्या घरच्या चपात्या इतक्या मऊ का, ते आता कळलं असेल.

त्यांना वाटायचं, एवढ्या आवाजात कोणाला ऐकू जातंय? बरोबरच होतं. पण गिरणीत जन्म गेला की माणूस ओठ वाचायला शिकतो. मला अक्षरं वाचता येत नाहीत. चौथीत मास्तर म्हणाले, "बबन, तू गिरणीवरच बस." एवढा एकच अभ्यास मी मनापासून केला. पण ओठ? फाडफाड वाचतो.

म्हणजे ताईंची प्रत्येक कादंबरी पहिल्यांदा मी वाचलीय. छापायच्या आधी. फुकट.

त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांत एकच भानगड. हिरो शेवटी निघून जातो आणि हिरोईन गप्प उभी राहते. गल्लीतल्या बायका रडतात, आमची रेखा आमटीत मीठ घालायची विसरते.

या वेळचा हिरो होता अभिजित. काय माणूस! हिरोईन मृणालसाठी पावसात छत्री धरून स्वतः भिजणारा. मी त्याच्यासारखं वागायला गेलो तर रेखा म्हणाली, "ताप आलाय का?"

एका सकाळी ताई शेवटचा सीन बोलत होत्या. अभिजितनं बॅग उचलली. बडोद्याला निघाला, कायमचा. दारात थांबला. मृणाल गप्प. मला राहवेना. मी खटका पाडला, गिरणी बंद.

"अहो ताई, थांबवा ना त्याला! ती बोलत का नाही काही?"

रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी रडत होतो. तोंडावर पीठ, त्यात डोळ्यांतलं पाणी. गालावर कणीक मळली गेली होती.

ताईंचा चेहरा पांढराफटक. पीठ तिथंच टाकून गेल्या.

त्यानंतर आल्याच नाहीत. गल्लीत कळलं, प्रकाशकाला त्यांनी सांगितलं, पुस्तक काढू नका, शेवट होत नाहीये. रेखानं माझ्या हातात ती राहिलेली पिठाची पिशवी कोंबली. "तुमच्यामुळं अडलंय पुस्तक. जा, पाया पडा."

ताईंनी दार उघडलं. "किती वर्षं ऐकतोयस रे?"

"ऐकत नाही ताई, बघतो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण अभिजित चांगला मुलगा आहे हो."

त्यांना हसू आलं, पण दाबलं. "मग तूच सांग, काय म्हणेल मृणाल?"

"थांब म्हणेल."

"एवढंच?"

"चौथी नापास माणूस आहे मी. याच्या पुढचं येत नाही."

ताईंनी चहा विचारला नाही, पिशवी मात्र ठेवून घेतली. दुसऱ्या सकाळी हजर. गहू! आणि मी मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिलो. आयुष्यात एवढा त्रास कधी झाला नव्हता.

पुस्तक आलं. प्रकाशनाला लायब्ररीचा हॉल बायकांनी गच्च. वालीवच्या कंपन्यांतल्या बायका अर्धी सुट्टी टाकून आलेल्या, अर्नाळ्याच्या मासेवाल्या टोपल्या रिकाम्या करून आलेल्या. प्रमुख पाहुणे सातिवलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून ताईंनी मलाच स्टेजवर ओढलं. फोटोत मी पुस्तक उलटं धरलंय. तो फोटो रेखानं फ्रेम करून लावलाय, सूड म्हणून.

मग ताईंनी शेवटचं पान वाचलं. माइकवर, सगळ्यांसमोर. अभिजित दारात पोचला आणि मृणाल ओरडली, "थांब!" हॉलमध्ये शिट्ट्या! एक मासेवाली बाकावर उभी राहून ओरडली, "आता धर त्याला, सोडू नको गो बाय!" पुस्तकं तिथल्या तिथं संपली.

गर्दी पांगल्यावर ताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. घामाघूम, खूश.

"शेवटच्या रांगेत ऐकू गेलं?"

"रस्त्यावर ऐकू गेलं, ताई."

त्या हातातल्या हाराची फुलं सारखी करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कंपनीच्या गेटवर तोही थांबला होता रे. बराच वेळ. मी मनातल्या मनात हाक मारली."

मी समोरच्या ताटातला पेढा उचलून त्यांच्या हातावर ठेवला.