खुनी दुसऱ्या भागात

पुस्तक अमूल्य असतं, असं थोर लोक सांगून गेलेत. त्यामुळे त्याचे पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढी साधी गोष्ट आपल्या रहस्यकथावाल्याला कळत नव्हती. त्यानं ई-पुस्तक काढलं. पहिल्या भागात खून, खुनी दुसऱ्या भागात. प्रकाशकबाई म्हणाल्या, "शंभर प्रती खपल्या तरच दुसरा भाग. नाहीतर मेलेला मेला, विषय संपला."

ई-पुस्तकाची किंमत ठरवायची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. आधी ती सिनेमाच्या तिकिटाएवढी ठेवायची. मग वाचक विचारतात, "कागद नाही, शाई नाही, पैसे कसले?" मग एका कॉफीएवढी करायची. (वाचक कॉफी पीत पीतच "महाग आहे हो" म्हणतात.) मग अर्ध्या कॉफीएवढी. महिनाभरात खप तीन. एक प्रत त्याची स्वतःची, एक आईची, एक कुणीतरी चुकून घेतली. त्या माणसानं पैसे परत मागितलेत.

रविवारी मेव्हणा जेवायला आला तोच छाती फुगवून.

"भाऊजी, पार्टी द्या! तुमचं पुस्तक सगळ्या ग्रुपवर टाकलंय."

"विकत घेऊन?"

"छे! तुमच्या आईंच्या फोनमधून काढलं. कॉपी होऊ नये म्हणून फाईलला कुलूप होतं, पण आपल्याला जमतं ते तोडायला. आणि शुद्धलेखन केवढं चुकलंय, लाज काढलीत! सगळं दुरुस्त करून मगच पाठवलं."

"बघा," बायको वाढता वाढता म्हणाली, "माझा भाऊ किती राबतो तुमच्यासाठी!"

लेखकानं घास गिळला. घास आणि राग एकदमच गेले.

पुस्तक तुफान गाजलं. अनोळखी लोक फोन करून झापायला लागले, "दुसरा भाग कुठाय? वाचकाला ताटकळत ठेवता, शोभतं का?" प्रकाशकबाईंनी फाईल बंद केली. शेरा मारला : मागणी प्रचंड, खप तीन. (परतीचा अर्ज मंजूर झाल्यावर, दोन.)

सगळ्यात जास्त तळमळला मेव्हणा. "भाऊजी, झोप उडालीय. खुनी कोण, मला तरी सांगा."

"एक प्रत विकत घे, सांगतो."

"घरच्या माणसाकडून पैसे?" मेव्हणा तडक उठून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

शेवटी लेखकानं सगळी हकीकत एका छोट्या कथेत लिहिली आणि खुन्याचं नाव शेवटच्या ओळीत घातलं. सोय अशी केली, की ती ओळ फक्त पैसे मोजून घेतलेल्या प्रतीतच उमटते.

ती कथा हीच. खाली काही दिसत नसेल तर चष्मा पुसत बसू नका. तुमचे डोळे उत्तम आहेत.