साहेब एक दिवस आधी आले

अनुदानवाले साहेब उद्या येणार होते, म्हणून अपंग केंद्राच्या ताईने आजच सगळ्या स्वयंसेवकांना चाकांच्या खुर्च्यांत कोंबलं. कुणाच्या डोळ्यांवर पट्टी, कुणाच्या कानात बोळे. ज्यांची सेवा करता त्यांच्यासारखं तासभर जगून बघा, असं तिचं म्हणणं. खुर्ची चालवायला शिकवायला टेलरकाका होते. तेवढे एकच खरे, कमरेखाली पाय हलत नसलेले. ताई स्वतःही पट्टी बांधून, कानात कापूस कोंबून बसली. साहेबांनी पैसे नाही दिले तर अपंगांची घरून ने-आण करणारी केंद्राची गाडी पुढच्या महिन्यापासून बंद. मग काकांसारख्या सगळ्यांनी घरात भिंतींशी गप्पा मारायच्या.

मध्येच कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काका, चावटपणा पुरे," ताई म्हणाली. हात झटकन मागे गेला.

थोड्या वेळाने खांद्यावर थाप पडली. ही चहा आल्याची ठरलेली खूण. ताईने पट्टी सोडली, कापूस उपसला, आणि बघते तर समोर साहेब. डोळ्यांत पाणी. आणि त्यांच्यादेखत खोलीभर आंधळी-पांगळी माणसं खुर्च्यांतून टणाटण उठून किटलीवर तुटून पडली.

साहेबांचा आ वासला तो मिटेचना.

"साहेब, हे ट्रेनिंग आहे हो..."

"सोंगं घ्यायचं ट्रेनिंग देता?"

साहेब तरातरा दारापाशी गेले. तिथे टेलरकाका खुर्चीत बसून चहा फुंकत होते.

"तुम्ही पण उठा. पुरे झालं नाटक."

"मी पण पायांना तेच सांगतो रोज," काका म्हणाले. "माझं ऐकत नाहीत. तुम्ही साहेब माणूस, तुमचं ऐकतात का बघा."

साहेबांनी खरंच काखेत हात घालून त्यांना उचललं. काकांचे पाय वाळत घातलेल्या पँटीसारखे लोंबले. साहेब पांढरेफटक. काकांना कसंबसं परत बसवलं आणि स्वतः मागच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसले.

ब्रेक कुणी लावला होता? खुर्ची दारातून सटकली, उतारावर सुसाट सुटली आणि फाटकाबाहेर. धडधाकट स्वयंसेवक हातात कप धरून पुतळ्यासारखे उभे. पळाले फक्त काका. दोन्ही हातांनी चाकं हाणत त्यांनी साहेबांना फुटपाथवर गाठलं आणि आपली खुर्ची आडवी घातली.

ताई धापा टाकत पोचली. साहेब दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसले होते, उठायला तयार नव्हते. भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या आणि ताईला म्हणाल्या, "जन्मापासूनच असे का हो हे?"

"मी अधिकारी आहे," साहेब म्हणाले.

बाई ताईकडेच बघत होत्या. "बोलतात की छान. जेवतात का आपल्या हाताने?"

"अहो, मला विचारा ना."

"चिडका आहे वाटतं," असं म्हणून बाईंनी त्यांच्या मांडीवर एक केळं ठेवलं, गालाला हात लावला आणि गेल्या.

साहेबांनी केळं उचलून उलटसुलट बघितलं.

"रोज असं होतं?"

"केळं रोज नाही मिळत," काका म्हणाले.

ताईने सगळा धीर गोळा केला. "साहेब, आमच्या गाडीचं..."

"दिले पैसे. पण आधी मला आत घ्या," साहेब रस्त्याच्या टोकाकडे बघत दबक्या आवाजात म्हणाले. "त्या बाई परत येतायत. आणखी चौघींना घेऊन."